डोळ्यांची वहिवाट

मराठीत ‘काणाडोळा करणे’ हा जो वाक्प्रचार आहे, त्यात डोळा फुटलेला नसतो आणि वस्तूही आड गेलेली नसते. डोळा उघडा, वस्तू समोर, उजेड भरपूर, आणि तरीही पाहायचे नाही असे पाहणाऱ्याने आतल्या आत ठरवलेले असते. कचेरीतल्या कारकुनाने पुढ्यातल्या अर्जाकडे काणाडोळा करावा ह्यात नवल नाही. परंतु एखाद्या मुलाच्या मेंदूने त्याच्याच एका डोळ्याकडे जन्मभर काणाडोळा करावा, आणि तो इतक्या बेमालूमपणे करावा की मुलाला, आईबापांना वा शिक्षकांना त्याचा सुगावाही लागू नये, हा प्रकार मात्र विचारात पाडणारा आहे. शाळेत तपासणीला आलेला डॉक्टर मुलाचा उजवा डोळा झाकतो, तेव्हा मूल तक्त्यावरची अक्षरे घडाघडा वाचते. मग तो डावा झाकतो, आणि तेच मूल पहिल्या मोठ्या अक्षरापाशी अडखळते. डॉक्टर बॅटरीच्या प्रकाशात आत पाहतो तो बुबुळ स्वच्छ, भिंग नितळ, दृष्टिपटल निरोगी. चष्मा लावून पाहिला तरी अक्षर उमटत नाही. बोलीभाषेत ह्याला ‘आळशी डोळा’ म्हणतात, आणि हे नाव त्या डोळ्यावर अन्याय करणारे आहे, कारण आळस त्याचा नव्हेच. त्याच्याकडून कागद वेळच्या वेळी रवाना होत असतात. ज्या कचेरीत ते पोचायचे तिथल्या बारनिशीत ते कुणी चढवून घेत नाही, इतकेच.

त्या कचेरीचे दप्तर प्रथम ज्यांनी उघडून पाहिले, ते दोघेही डोळ्यांचे शस्त्रवैद्य नव्हते. एक स्वीडनमधून आलेला, मनोरुग्णांच्या इस्पितळाच्या आवारात वाढलेला; दुसरा कॅनडातला, लहानपणी घरी दारू ठासून पितळेची खेळण्यातली तोफ उडवणारा. टॉर्स्टन वीझेल आणि डेव्हिड ह्यूबेल ही दोन नावे मज्जाविज्ञानाच्या इतिहासात एखाद्या जोडनावासारखी एकत्र उच्चारली जातात, आणि त्यांतले एकच उचलून त्याचे चरित्र सांगू म्हटले तरी दुसरे पाठोपाठ येतेच.

वीझेल ह्यांचा जन्म 1924 साली उप्सालाचा. वडील मनोविकारतज्ज्ञ, स्टॉकहोमजवळच्या एका मोठ्या मनोरुग्णालयाचे प्रमुख. तेव्हा मुलाचे बालपण त्या आवारातच गेले. शाळेत असताना त्यांचे सारे लक्ष खेळात असे, आणि सतराव्या वर्षी ते एकाएकी अभ्यासाला लागले, अशी कबुली त्यांनी स्वतःच देऊन ठेवली आहे. 1954 मध्ये कारोलिन्स्का संस्थेतून ते डॉक्टर झाले, काही काळ मुलांच्या मनोविकारविभागात त्यांनी कामही केले. पण वेडाचे मूळ मेंदूत कुठे आहे हे ठाऊक नसता वेडाची चिकित्सा करीत राहणे त्यांना पटेना. 1955 साली ते अमेरिकेत बाल्टिमोरला जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठाच्या विल्मर नेत्रसंस्थेत स्टीफन कफलर ह्यांच्या प्रयोगशाळेत दाखल झाले. कफलर मूळचे हंगेरीचे. मांजराच्या दृष्टिपटलातून मेंदूकडे निघणाऱ्या पेशी सरसकट उजेडाला प्रतिसाद देत नाहीत, तर मधला ठिपका आणि त्याभोवतीचे कडे ह्यांच्यातल्या फरकाला देतात, हे त्यांनी 1953 मध्ये दाखवून दिले होते. पुढचा प्रश्न उघड होता: ठिपक्यांची ही टिपणे मेंदूच्या पृष्ठभागावर पोचल्यावर तिथे त्यांचे काय होते?

ह्यूबेल त्या वेळी सैन्याच्या वॉल्टर रीड संशोधनसंस्थेत सक्तीची नोकरी पुरी करीत होते, आणि तिथे त्यांनी टंगस्टनची तार झिजवून, तिला रोगणाचा लेप देऊन असा एक विद्युत्‌शलाकेचा प्रकार सिद्ध केला होता की तिचे टोक मेंदूतल्या एकेका पेशीशेजारी नेऊन तिची कुजबुज ऐकता यावी. त्यांची नेमणूक व्हायची होती हॉपकिन्समधल्याच व्हर्नन माउंटकॅसल ह्यांच्या विभागात. परंतु तिथे इमारतीची दुरुस्ती निघालेली, जागा रिकामी नाही, म्हणून तोवर आमच्याकडे ह्या स्वीडिश गृहस्थाबरोबर काही करा, असे कफलरनी इस्पितळाच्या उपाहारगृहात जेवताना सुचवले. वर्षभराची ती तात्पुरती सोय पंचवीस वर्षे टिकली. विज्ञानाच्या इतिहासात गवंड्यांचे उपकार कुणी नोंदवीत नाही, म्हणून ते इथे नोंदवतो.

1958 मध्ये त्यांनी काम सुरू केले तेव्हा सामग्री इतकी तुटपुंजी होती की चित्रे टाकायला पडदा नाही. भूल दिलेले मांजर छताकडे तोंड करून ठेवलेले, आणि वरच्या नळांवरून चादरी टांगलेल्या, असे सर्कशीच्या तंबूचे रूप त्या खोलीला आले होते. माउंटकॅसल ह्यांच्या निबंधांत पेशींची संख्या हजारांनी मोजलेली असे. आपणही त्याच पंगतीत बसावे म्हणून ह्या दोघांनी आपल्या पहिल्या पेशींना तीन हजारांपासूनचे क्रमांक दिले. असा विनोद ज्यांना सुचतो त्यांचे काम कंटाळवाणे होण्याचा संभव कमी. एके दिवशी अशाच एका पेशीपुढे ते तासन्‌तास काचपट्ट्या सरकवीत होते. पट्टीवर काळा ठिपका, तो इकडे फिरवा, तिकडे फिरवा, पेशी आपली गप्प. मग एकाएकी ध्वनिक्षेपकातून मशीनगन सुटावी तसा कडकडाट झाला. ठिपक्याचा त्याच्याशी काही संबंध नव्हता. पट्टी खोबणीत सरकताना तिच्या काठाची पुसट सावली दृष्टिपटलावरून एका विशिष्ट कोनात सरकली होती, आणि पेशीला हवी होती ती सावलीची रेघ! त्या एका पेशीपाशी ते नऊ तास बसले. रेघ थोडी तिरकी केली की पेशी मंदावे, आणखी तिरकी केली की मुकी होई. शेजारच्या पेशीचा आवडता कोन थोडासा वेगळा, तिच्या पलीकडचीचा आणखी वेगळा. घड्याळाचा काटा फिरावा तसे हे कोन मेंदूच्या पृष्ठभागावरून क्रमाने फिरत जातात, हे पुढे सिद्ध झाले. दरम्यान 1959 मध्ये कफलर आपला सारा कबिला घेऊन हार्वर्डच्या वैद्यक महाविद्यालयात गेले होते, आणि पुढचे सारे बॉस्टनला घडले.

इथवरची हकीकत म्हणजे शुद्ध शरीरशास्त्र. रोगाकडे ते वळले ते एका जुन्या कोड्यामुळे, आणि ते कोडे नेत्रवैद्यांच्या रोजच्या व्यवहारातले होते. साठीच्या माणसाच्या डोळ्यांत मोतीबिंदू दहा वर्षे राहिला आणि मग काढला, तर पट्टी सुटताच तो नातवाचे तोंड ओळखतो. जन्मतःच मोतीबिंदू घेऊन आलेल्या मुलाच्या डोळ्यांवरचा तसाच पडदा आठ-दहा वर्षांनी दूर केला, तर त्याला उजेड कळतो, रंग कळतात, पण समोरची वस्तू चेंडू आहे की ठोकळा हे हात लावून पाहिल्यावाचून सांगता येत नाही. अशा जुन्या रोग्यांच्या हकीकती मारिउस फॉन झेंडेन ह्या जर्मन लेखकाने 1932 मध्ये एका ग्रंथात गोळा केल्या होत्या. भिंग साफ, दृष्टिपटल साफ. मग बिघाड कुठे? मेंदूतल्या एकेका पेशीला जबाब विचारण्याची विद्या ज्या दोघांच्या हाती होती त्यांनीच हा तपास करावा, हे क्रमप्राप्त होते.

हा तपास समजण्यासाठी मेंदूतल्या वाटेचा अगदी मोघम नकाशा पुरे. प्रत्येक डोळ्यातून सुमारे दहा लाख तंतूंचा जुडगा निघतो; त्यांतले निम्मे वाटेत बाजू बदलतात, मेंदूच्या मध्यभागी असलेल्या एका चौकीत विसावतात आणि तिथून डोक्याच्या मागच्या बाजूस असलेल्या दृष्टीच्या मुलखात शिरतात. मधल्या चौकीपर्यंत उजव्याडाव्या डोळ्यांचा कारभार अलग चालतो. मागच्या मुलखात मात्र दोन्ही डोळ्यांचा ऐवज प्रथमच एका पेशीवर जमा होऊ लागतो. निरोगी मांजरात ह्या पेशींपैकी सुमारे चार पंचमांश दोन्ही डोळ्यांचे ऐकतात, आणि खोलीची जाण, म्हणजे कोणती वस्तू पुढे व कोणती मागे हे एका दृष्टिक्षेपात कळणे, ह्याच दुहेरी पेशींवर अवलंबून असते. डोळेही न उघडलेल्या पिलात ही सारी मांडणी ढोबळमानाने तयार असते. म्हणजे जमिनीची सनद जन्माबरोबरच हाती पडते. ह्या शोधाने अनुभवावाचून मेंदू ही कोरी पाटी असते असे मानणाऱ्यांची बरीच पंचाईत केली.

मग त्यांनी पिलाच्या एका डोळ्याची पापणी, डोळे उघडण्याच्या सुमारासच, भूल देऊन शिवून टाकली आणि दोन-तीन महिन्यांनी उघडली. हे वाचताना अंगावर काटा येतो, आणि यावाच. त्या पिलांच्या मोबदल्यात असंख्य मुलांचे डोळे वाचले हे खरे, पण हा हिशेब पिलांना विचारून मांडलेला नव्हता. उघडलेला डोळा डोळा म्हणून ठाकठीक होता. परंतु चांगला डोळा झाकला की पिलू टेबलाच्या काठावरून खुशाल खाली पडे. आणि मेंदूच्या मागच्या मुलखात शलाका घालून पाहिले तो, शिवलेल्या डोळ्याचे ऐकणारी पेशी जवळजवळ एकही उरली नव्हती. वयात आलेल्या मांजराचा डोळा वर्षभर झाकला तरी असे काही होत नाही. उलट चौथ्या-पाचव्या आठवड्यांत पिलाचा डोळा तीन-चार दिवस झाकला तरी नुकसान होते. सुमारे तीन महिन्यांनंतर दार बंद. 1963 पासून 1970 पर्यंतच्या निबंधांत ही मुदत त्यांनी आठवड्यांच्या हिशेबाने बांधून दाखवली.

आता इथे कुणीही म्हणेल की न वापरलेले अवयव गंजतात, त्यात शोध तो कोणता? वीझेल-ह्यूबेल ह्यांचे मोठेपण ह्याच ठिकाणी मला दिसते, कारण हे सोपे उत्तर हाताशी असता त्यांनी ते घेतले नाही. त्यांनी काही पिलांचे दोन्ही डोळे झाकून पाहिले. वापर नाही म्हणून गंज, हे खरे असते, तर दोन्ही डोळ्यांची गत दुप्पट वाईट व्हायला हवी होती. पण दोन्ही झाकलेल्या पिलांच्या मेंदूत पुष्कळ पेशी अजून जाग्या सापडल्या, काही बऱ्यापैकी शाबूत, काही विस्कटलेल्या. म्हणजे एका डोळ्याला जे अंधारापायी भोगावे लागले नाही, ते दुसऱ्या डोळ्याच्या उजेडापायी भोगावे लागते! आपल्याकडे जमिनीचा व्यवहार ज्याने पाहिला आहे त्याला हे समजावून सांगायला नको. भाऊबंदांतला एक मुंबईला नोकरीला गेला, शेत पडीक राहिले. दुसराही गेला असता तर दोन्ही शेतांत कुसळे माजली असती, पण बांध जिथल्या तिथे राहिला असता. एक गावात राहिला, की दरसाल नांगराचा एक फाळ बांध कोरीत जातो, आणि बारा-पंधरा वर्षांनी परतलेला भाऊ सनद काढून दाखवतो तेव्हा वहिवाट कुणाची आहे असा प्रश्न त्यालाच विचारला जातो.

ही उपमा माझी आहे. पण 1970 नंतरच्या प्रयोगांनी ती जवळजवळ अक्षरशः खरी ठरवली. माकडाच्या एका डोळ्यात किरणोत्सर्गी द्रव्य घातले की ते तंतूंच्या वाटेने मेंदूच्या पृष्ठभागापर्यंत प्रवास करते, आणि त्या भागाचा पातळ काप फोटोच्या लेपाला लावला की त्या डोळ्याचा मुलूख चमकून उठतो. ह्या मोजणीत दोन्ही डोळ्यांचे अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास रुंदीचे पट्टे एकाआड एक, झेब्र्याच्या अंगावर असावेत तसे पसरलेले दिसले. लहानपणी एक डोळा झाकलेल्या माकडात झाकलेल्या डोळ्याचे पट्टे आक्रसून चिंधीएवढे उरले होते आणि उघड्या डोळ्याचे तेवढेच फुगले होते. दोहोंची बेरीज पूर्वीइतकीच.

तिरळेपणाचा प्रयोग ह्याहून सूक्ष्म. 1965 मध्ये त्यांनी पिलांच्या डोळ्याचा एक स्नायू कापून त्याला तिरळे केले. दोन्ही डोळे उघडे, दोघांना उजेड, दोघे कामावर. पण एकाच क्षणी दोघे दोन वेगळ्या जागा पाहत असल्याने त्यांची टिपणे जुळेनात. परिणाम असा झाला की दुहेरी पेशी चार पंचमांशांवरून एक पंचमांशावर आल्या आणि बाकीच्यांनी एकेका डोळ्याची बाजू धरली. ज्या दोन तंतूंची साक्ष जुळते तेच एका पेशीवर नांदतात. आपल्याकडे मुलाचा तिरळेपणा शुभलक्षण मानून कौतुकाने सांगणारी, निदान ‘वय वाढले की जाईल’ म्हणून स्वस्थ बसणारी माणसे अजून भेटतात. वाढत्या वयाबरोबर जी गोष्ट खरोखर जाते ती तिरळेपणा नव्हे, मुदत.

1981 चे नोबेल पारितोषिक निम्मे रॉजर स्पेरी ह्यांना आणि उरलेले निम्मे ह्या दोघांत विभागून मिळाले. मला त्याहून मोठे वाटते ते हे, की नेत्रवैद्यांच्या पंचांगात त्यांनी पाने मागे उलटली. जन्मजात मोतीबिंदूवर मूल थोराड झाल्यावर शस्त्रक्रिया करू, अशी पूर्वीची वहिवाट होती. आता एकाच डोळ्यात मोतीबिंदू असेल तर तो शक्यतो पहिल्या सहा आठवड्यांच्या सुमारास काढावा असे मानतात, कारण तिथे शेजारच्या डोळ्याचे अतिक्रमण त्याच घटकेला सुरू झालेले असते. चांगल्या डोळ्यावर पट्टी बांधण्याचा उपाय जुनाच, फ्रान्समधल्या ब्यूफोंने तो 1743 मध्येच सांगितला होता. पण तो का लागू पडतो आणि उशीर झाल्यावर का पडेनासा होतो, हे आता कळले. पट्टी म्हणजे दांडग्या भावावर रोज काही तास बजावलेला मनाई हुकूम. तेवढ्या अवधीत दुबळ्याने आपले शेत नांगरून घ्यायचे. मुलाला हे समजावणे कठीण, कारण त्याच्या लेखी दिसणारा डोळा झाकून न दिसणारा उघडा ठेवण्याइतकी मोठ्या माणसांची मूर्ख कल्पना दुसरी नसते. रोज ती पट्टी ओढून काढणारे मूल आणि ती पुन्हा चिकटवणारी आई, ह्यांच्या झटापटीवरच त्या डोळ्याचे भवितव्य ठरते.

वीझेल ह्यांच्या उत्तरायुष्याबद्दल थोडक्यात सांगायचे तर, 1973 मध्ये त्यांनी हार्वर्डला कफलर ह्यांच्या जागी मज्जाजीवशास्त्राच्या विभागाची धुरा घेतली, 1983 मध्ये न्यूयॉर्कला रॉकफेलर विद्यापीठात गेले आणि नव्वदीच्या दशकात त्याच विद्यापीठाचे अध्यक्ष झाले. देशोदेशी तुरुंगात पडलेल्या शास्त्रज्ञांसाठी खटपट करणाऱ्या अमेरिकी विज्ञान अकादमीच्या मानवी हक्क समितीचे काम त्यांनी दहा वर्षे पाहिले. जॉर्ज बुश धाकटे ह्यांच्या अमदानीत एका सरकारी सल्लागार मंडळावर त्यांचे नाव सुचवले गेले आणि वरून नामंजूर झाले, कारण राष्ट्राध्यक्षांवर टीका करणाऱ्या पत्रांवर त्यांच्या सह्या होत्या. ह्यूबेल 2013 साली वारले. वीझेल ह्यांनी 2024 मध्ये वयाची शंभरी गाठली.

शंभरी गाठण्याचा एक तोटा असा की आपण बांधलेल्या मुदतीवर पुढच्या पिढ्यांनी गुदरलेली अपिले माणसाला डोळ्यांदेखत पाहावी लागतात. त्यांतले एक अपील आपल्याच देशातले आहे. मॅसाच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतले पवन सिन्हा ह्यांनी दिल्लीच्या डॉ. श्रॉफ धर्मादाय नेत्ररुग्णालयाच्या मदतीने ‘प्रकाश’ नावाचा प्रकल्प उभारला. जन्मांध म्हणून खेड्यापाड्यांत सोडून दिलेली, पण वस्तुतः बरी होण्याजोगी मुले हुडकायची, त्यांच्यावर शस्त्रक्रिया करायची, आणि नव्याने पाहू लागलेला मेंदू कसा शिकतो हे जवळून पाहायचे, असा त्याचा दुहेरी हेतू. 1688 मध्ये डब्लिनच्या विल्यम मॉलिन्यू ह्या गृहस्थाने, ज्याची स्वतःची पत्नी अंध होती, जॉन लॉक ह्या तत्त्वज्ञाला पत्रातून विचारले होते, की स्पर्शाने चेंडू आणि ठोकळा ओळखणाऱ्या जन्मांधाला अचानक दृष्टी आली तर तो नुसते पाहून त्यांतला चेंडू कोणता हे सांगेल काय? तत्त्वज्ञांनी ह्यावर तीन शतके कागद काळे केले. 2011 मध्ये सिन्हा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आठ ते सतरा वर्षांच्या पाच मुलांचा निकाल प्रसिद्ध केला. पट्टी सुटल्यावर लगेच हाताने चाचपलेला ठोकळा डोळ्यांनी ओळखणे म्हणजे जवळजवळ अंदाजपंचे होते. परंतु थोड्याच दिवसांत, कुणी न शिकवता, तीच मुले तो ओळखू लागली. बारीक अक्षर त्यांना पुढेही नीट दिसत नाही, मुदतीचा तेवढा दंड वसूल होतोच. पण सारे खाते बुडीत धरण्याचे कारण नव्हते.

दुसरे अपील सुसान बॅरी ह्या अमेरिकी मज्जाशास्त्रज्ञ बाईंचे. तान्ह्या वयात डोळे तिरळे झालेले, बालपणी तीन शस्त्रक्रिया, त्यामुळे दिसायला डोळे सरळ. आपल्यात काही उणे आहे ह्याची त्यांना कल्पनाच नव्हती. महाविद्यालयात ह्याच तिरळ्या पिलांवरचे व्याख्यान ऐकताना त्यांना प्रथम उमगले, की खोली दिसणे म्हणजे काय हे आपल्याला ठाऊक नाही, आणि मुदत टळल्यामुळे ते कधी ठाऊक होणारही नाही. त्या प्राध्यापक झाल्या आणि विद्यार्थ्यांना हेच शिकवीत राहिल्या. मग वयाच्या अठ्ठेचाळिसाव्या वर्षी, दोन्ही डोळे एकाच जागी रोखण्याचा चिकाटीचा व्यायाम चालू असताना, एके दिवशी त्या मोटारीत बसल्या आणि समोरचे स्टिअरिंगचे चाक पाठीमागच्या फळीपासून सुटून पुढे, हवेत तरंगताना त्यांना दिसले. त्या हिवाळ्यात एकदा बाहेर बर्फ पडत होते. आजवर बर्फ त्यांच्यापुढे थोड्या अंतरावर एकाच सपाट पडद्यावर पडत असे आणि त्या अलीकडे उभ्या असत. त्या दिवशी काही कण जवळून, काही दुरून, काही त्यांच्या दोन्ही अंगांनी खाली येत होते, आणि जेवायच्या वेळी घाईने निघालेल्या बाई भूक विसरून तिथेच, पडणाऱ्या बर्फाच्या आत, उभ्या राहिल्या.